सार्वजनिक सीसीटीव्ही कसे उभारावेत, कसे चालवावेत: ब्रिटनमधल्या कौन्सिलांच्या अनुभवातून

रस्त्यात कुणाला लुटलं, दुकानाची काच फुटली, रात्री घरी परतणाऱ्या मुलींच्या मागे कुणी लागलं, की लगेच कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटनमधल्या स्थानिक पालिकेकडे, मागणी जाते: तिथे कॅमेरा बसवा. मागणी रास्त असते. भीती खरी असते आणि कॅमेरा ही डोळ्यांना दिसणारी कृती असते. पण त्या कॅमेऱ्याचं चित्र कोण पाहणार, पाहिल्यावर कुणाला कळवणार, तो माणूस किती वेळात पोचणार आणि पुढे ते चित्र न्यायालयात टिकणार का, हे आधी ठरलेलं नसेल तर खांबावर फक्त एक यंत्र लटकतं.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यांवरचे कॅमेरे मोठ्या प्रमाणावर स्थानिक कौन्सिल चालवतात, पोलीस नव्हे. १९८५ मध्ये बोर्नमथच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि १९८७ मध्ये किंग्ज लिन या गावात सुरुवात झाली. नव्वदच्या दशकात सरकारी अनुदान आलं आणि शहरामागून शहर कॅमेऱ्यांखाली आलं. चाळीसेक वर्षांच्या या प्रवासात यश आहे, फसलेले प्रयोग आहेत आणि न्यायालयाचे फटकेही आहेत. या सगळ्यातून जी कार्यपद्धती तयार झाली, ती इथे टप्प्याटप्प्याने मांडतो. कायद्याचे संदर्भ मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सचे आहेत.

पहिला टप्पा: कॅमेऱ्याचं नाव न घेता समस्या लिहा

एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या. नेमकं काय घडतंय, कुठे घडतंय आणि कोणत्या वेळी. ‘परिसर असुरक्षित आहे’ हे वाक्य इथे चालत नाही. ‘स्टेशनमागच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत गाड्यांच्या काचा फोडून सामान चोरीला जातं’ हे चालतं. हे लिहिण्यासाठी पोलिसांच्या नोंदी, कौन्सिलकडे आलेल्या तक्रारी, दुकानदारांचे अनुभव, बसचालकांचं म्हणणं आणि रुग्णालयाच्या अपघात विभागाची माहिती एकत्र करावी लागते. १९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर ॲक्टने कौन्सिल आणि पोलीस यांना गुन्हे कमी करण्यासाठी एकत्र काम करणं बंधनकारक केलं. त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं की कौन्सिलने आपलं कोणतंही काम करताना त्याचा गुन्ह्यांवर काय परिणाम होईल याचा विचार केला पाहिजे. म्हणजे ही माहिती गोळा करण्यासाठी मंच आधीपासूनच आहे, नव्याने समिती नेमायची गरज नाही.

इतक्या बारकाईने लिहायचं कारण असं की कॅमेरा सगळ्या गुन्ह्यांवर सारखा चालत नाही. २०१९ मध्ये चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे असलेल्या भागांत, कॅमेरे नसलेल्या तशाच भागांच्या तुलनेत, गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. सगळ्यात ठळक आणि सातत्याचा परिणाम पार्किंगच्या जागांवर होता. वाहनं आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांत घट दिसली. हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. हे समजण्यासारखं आहे. गाडी फोडणारा माणूस आधी आजूबाजूला बघतो, हिशेब करतो. दारूच्या नशेत हाणामारी करणारा कॅमेऱ्याकडे बघत नाही.

याच आढाव्यातल्या आणखी दोन निष्कर्षांकडे मी प्रत्येक नगरसेवकाचं लक्ष वेधेन. जिथे माणूस बसून चित्र सक्रियपणे पाहत होता तिथे परिणाम जास्त होता. आणि जिथे कॅमेऱ्यांच्या जोडीला इतर उपाय केले होते, तिथेही जास्त होता. त्याआधी, २००५ मध्ये, ब्रिटिश गृहखात्यासाठी झालेल्या अभ्यासात १३ यंत्रणा तपासल्या गेल्या. त्यांपैकी केवळ दोन ठिकाणी गुन्ह्यांतली घट सांख्यिकीदृष्ट्या ठोस होती आणि त्यांतल्याही एका ठिकाणी घटीची दुसरी कारणं असू शकत होती. सरसकट कॅमेरे लावण्याच्या कल्पनेला यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता हवा?

म्हणून समस्येच्या कागदाखाली दुसरी यादी करा: कॅमेऱ्याशिवाय काय करता येईल. बंद पडलेले दिवे, वाढलेली झुडपं, दोन्ही बाजूंनी उघडी असलेली अंधारी बोळ, रात्री मनुष्यवस्ती नसलेलं पार्किंग. यांतल्या काही गोष्टी आठवड्याभरात दुरुस्त होतात. त्या केल्यानंतरही समस्या उरली, तर कॅमेऱ्याचा विचार करा.

दुसरा टप्पा: अधिकार कुठून येतो ते तपासा

१९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या कलम १६३ ने कौन्सिलांना गुन्हे रोखण्यासाठी आणि पीडितांच्या मदतीसाठी कॅमेरे बसवण्याचा अधिकार दिला. पण अधिकार मिळाला म्हणजे मोकळं रान मिळालं असं नाही. ओळखता येईल असा माणसाचा चेहरा ही वैयक्तिक माहिती आहे. तिला यूके जीडीपीआर आणि डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०१८ हे माहिती-संरक्षणाचे कायदे लागू होतात. सार्वजनिक जागेवर मोठ्या प्रमाणात आणि पद्धतशीर नजर ठेवायची असेल, तर आधी डीपीआयए, म्हणजे लोकांच्या खासगीपणावर होणाऱ्या परिणामांचं लेखी मूल्यांकन, करावंच लागतं.

याशिवाय २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टखाली पाळत कॅमेऱ्यांची आचारसंहिता आली. तिच्यात १२ तत्त्वं आहेत. हेतू स्पष्ट आणि विशिष्ट असावा, गरज नियमितपणे तपासली जावी, जबाबदार माणूस ठरलेला असावा, चित्रं गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नयेत, असा त्यांचा सूर आहे. कौन्सिलने ही आचारसंहिता विचारात घेतलीच पाहिजे असं कायदा म्हणतो.

डीपीआयए हा कागदोपत्री सोपस्कार समजून भरून टाकायचा मोह होतो, कारण त्याचे तयार नमुने मिळतात. असं भरलेलं मूल्यांकन वाचताक्षणी ओळखू येतं. त्यात कुठल्याही रस्त्याचं नाव नसतं. चांगल्या मूल्यांकनात प्रत्येक कॅमेऱ्यासमोर काय काय येतं ते लिहिलेलं असतं: शाळेचं फाटक, दवाखान्याचा दरवाजा, प्रार्थनास्थळ, समोरच्या इमारतीतल्या बेडरूमच्या खिडक्या. प्रत्येकासमोर उपायही लिहिलेला असतो. खिडक्यांसाठी कॅमेऱ्यातच चित्राचा तेवढा भाग कायमचा झाकून टाकण्याची सोय असते. ती कंत्राटदाराने बसवतानाच लावली पाहिजे आणि ऑपरेटरला ती काढता येता कामा नये.

तिसरा टप्पा: लोकांना विचारा, आणि खरं कारण सांगा

या टप्प्यात प्रामाणिकपणा राहिला नाही तर काय होतं, ते बर्मिंगहॅमला पाहायला मिळालं. २०१० मध्ये शहरातल्या वॉशवुड हीथ आणि स्पार्कब्रुक या, बहुसंख्य मुस्लिम वस्तीच्या भागांत २०० हून अधिक कॅमेरे उभे राहू लागले. त्यांत वाहनांच्या नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे होते आणि काही छुपेही होते. रहिवाशांना सांगितलं गेलं की हे परिसराच्या सुरक्षेसाठी आहे. प्रत्यक्षात पैसा दहशतवादविरोधी निधीतून आला होता. हे बाहेर येताच लोक संतापले. उभे झालेल्या कॅमेऱ्यांवर पिशव्या घालाव्या लागल्या आणि शेवटी सगळी यंत्रणा काढून टाकण्यात आली. कॅमेरे गेले तरी पोलिसांवरचा विश्वास परत यायला फार वेळ लागतो. पुढे कधी त्या वस्तीत साक्षीदार हवा असेल, तर तो कोणत्या भरवशावर पुढे येणार?

सल्लामसलत म्हणजे संकेतस्थळावर एक प्रश्नावली टाकणं नव्हे. ज्यांच्यावर नजर पडणार आहे त्यांच्यापर्यंत जायला हवं. चौकात बसणारी तरुण मुलं, रात्रपाळीचे कामगार, बेघर माणसं, फेरीवाले. या लोकांना बैठकीचं निमंत्रण सहसा जात नाही आणि कॅमेरा सगळ्यात जास्त वेळ त्यांच्याकडेच बघतो. हेतू एकाहून अधिक असतील तर सगळे सांगा. वाहतुकीचा दंड आणि गुन्हे प्रतिबंध एकाच कॅमेऱ्यातून करायचे असतील तर तेही आधीच उघड करा.

चौथा टप्पा: चित्रात नेमकं काय दिसायला हवं ते ठरवा

बहुतेक प्रकल्प इथे घसरतात. निविदेत ‘उच्च दर्जाचे एचडी कॅमेरे’ असं लिहिलं जातं आणि वर्षभराने पोलीस म्हणतात की चेहरा ओळखू येत नाही. दोष कॅमेऱ्याचा नसतो. त्याच्याकडून काय हवंय ते कुणी लिहिलेलंच नसतं.

यासाठी आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतली मोजपट्टी उपयोगी पडते. दृश्यातल्या एक मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडतात, यावरून चित्राची उपयुक्तता त्यात ठरवली आहे. कुणीतरी माणूस तिथे आहे एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची असेल तर २५०.

आता हिशेब करा. साध्या फुल एचडी कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. मीटरमागे २५० पिक्सेल हवे असतील तर तो जेमतेम ७.७ मीटर रुंद पट्टा सांभाळतो. ३८४० पिक्सेल रुंदीचा फोर-के कॅमेरा घेतला तरी तो पट्टा १५.४ मीटरचाच होतो. तोच फुल एचडी कॅमेरा नुसती माणसांची ये-जा पाहण्यासाठी लावला तर जवळजवळ ७७ मीटर रुंदी कवेत घेतो. त्यामुळे एका कॅमेऱ्यात अख्खा चौकही दिसेल आणि चोराचा चेहराही दिसेल, असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून हा आकडा लिहून घ्या.

व्यवहारात याचा अर्थ असा. मोकळ्या जागेवर लक्ष ठेवायला एक फिरता, जवळ-दूर करता येणारा कॅमेरा, आणि लोकांना जिथून जावंच लागतं अशा अरुंद जागांवर चेहऱ्यासाठी स्थिर कॅमेरे: भुयारी मार्गाचं तोंड, पार्किंगचं फाटक, जिन्याचा पायथा. फिरत्या कॅमेऱ्याची एक मर्यादा लोकांच्या लक्षात येत नाही. तो उजवीकडे बघत असताना डावीकडे जे घडतं त्याची नोंदच होत नाही. रात्री कुणी पाहत नसेल तर त्याला नेमून दिलेल्या जागांवर आपोआप फिरत ठेवावं लागतं, आणि तरीही मधे फट राहते.

जागेवर जाऊन पाहण्याला पर्याय नाही. दिवसा जा आणि रात्री जा. शक्य असेल तर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जा. डिसेंबरमध्ये उघडा दिसणारा कोपरा जूनमध्ये पानांआड जातो. हिवाळ्यातला खाली आलेला सूर्य दुपारभर थेट लेन्समध्ये शिरू शकतो. रस्त्यावरचा दिवा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी असेल तर त्याची चकाकी चित्र धुऊन टाकते. कॅमेरा फार उंच असेल तर टोप्या आणि डोकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

रात्रीची आणखी एक अडचण आहे. उजेड कमी झाला की कॅमेरा प्रत्येक चित्र टिपायला जास्त वेळ घेतो. साधारण चालीने जाणारा माणूस सेकंदाला १.४ मीटर पुढे सरकतो. चित्र टिपायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागला, तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटीमीटर सरकलेला असतो. मीटरमागे २५० पिक्सेल असले तरी चेहरा १४ पिक्सेल पुसट होतो. म्हणून रात्रीचा चाचणी व्हिडिओ उभ्या माणसाचा घेऊ नका, चालत्या माणसाचा घ्या. आणि बिल देण्यापूर्वी घ्या.

पाचवा टप्पा: साठवण, घड्याळ आणि कुलूप

फुटेज किती दिवस ठेवायचं याचा कायद्यात ठराविक आकडा नाही. हेतूला पुरेसं आणि त्याहून जास्त नाही, हे तत्त्व आहे. बऱ्याच कौन्सिल साधारण ३० किंवा ३१ दिवस ठेवतात, कारण तेवढ्या काळात बहुतेक तक्रारी पोलिसांपर्यंत पोचतात. सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा घेतो. ३१ दिवसांचे झाले १.३ टेराबाइटच्या वर. असे १०० कॅमेरे असतील तर १३० टेराबाइटहून जास्त. पैसे कमी पडले की कंत्राटदार गुपचूप चित्राचा दर्जा उतरवतो. म्हणून दर्जा, चित्रांची गती आणि दिवस हे तिन्ही करारात लिहा.

घड्याळाकडे दुर्लक्ष करू नका. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. रेकॉर्डर नेटवर्कवरून वेळ घेत नसेल तर तो तासाभराने चुकतो, आणि आरोपीचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

कुलूप म्हणजे इथे पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन इंटरनेटवर मोठे हल्ले चढवले होते. बसवताना प्रत्येक पासवर्ड बदलला का, कॅमेऱ्यांचं नेटवर्क कौन्सिलच्या इतर कामकाजापासून वेगळं आहे का, सॉफ्टवेअर अद्ययावत कोण करणार, हे तीन प्रश्न देखभाल करारात हवेत.

सहावा टप्पा: नियंत्रण कक्ष, म्हणजे माणसं

माझ्या मते खर्चात काटकसर करायचीच असेल तर कॅमेरे कमी करा, माणसं कमी करू नका. वर सांगितलेला आढावाही हेच दाखवतो.

ऑपरेटर कंत्राटदार कंपनीमार्फत येत असेल तर त्याच्याकडे सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटीचा, म्हणजे एसआयएचा, सार्वजनिक जागेच्या सीसीटीव्हीसाठीचा परवाना लागतो. परवाना असला तरी स्थानिक प्रशिक्षण वेगळं द्यावं लागतं. शहरातली प्रत्येक बोळ, प्रत्येक बसथांबा, शुक्रवारी रात्री गर्दी कुठून कुठे सरकते, हे ज्याला पाठ आहे तोच पळणारा माणूस पुढच्या कॅमेऱ्यात कुठून उगवेल ते सांगू शकतो.

चांगला कक्ष कसा चालतो ते पाहा. समजा, रात्री पावणेबाराला पबच्या दारावरचा सुरक्षारक्षक रेडिओवर कळवतो की दोन गट एकमेकांवर ओरडत आहेत. ऑपरेटर फिरता कॅमेरा तिकडे वळवतो, दोन स्थिर कॅमेरे पडद्यावर आणतो आणि पोलिसांना त्यांच्या रेडिओवरून माणसांची संख्या, कपडे, हातात काही आहे का, कोणत्या दिशेने सरकताहेत हे सांगतो. पोलीस येईपर्यंत कॅमेरा घटनास्थळावरच ठेवतो. कुणी पळालं तर दुसरा ऑपरेटर त्याच्यामागे जातो, पहिला तिथेच राहतो. सगळं संपल्यावर वेळ आणि क्रमांकासह नोंद होते. यात कॅमेऱ्याइतकंच महत्त्व आहे दुकानं, पब आणि कक्ष यांना जोडणाऱ्या रेडिओला. अनेक ब्रिटिश शहरांत दुकानदारांची आणि पबमालकांची अशी रेडिओ जाळी आहेत. कौन्सिलला त्यावर फार खर्च येत नाही आणि फायदा थेट दिसतो.

सुरक्षा म्हणजे फक्त गुन्हेगार पकडणं असंही नाही. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा घरातून निघून गेले, मूल आईच्या हातातून सुटलं, कुणी एकटाच पुलाच्या कठड्यापाशी बराच वेळ उभा आहे. अशा वेळी कक्षात बसलेला माणूस जीव वाचवतो. हे काम बातमीत येत नाही, पण मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. म्हणूनच ऑपरेटरच्या प्रशिक्षणात संकटातल्या माणसाची चिन्हं ओळखणं असलंच पाहिजे.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. नव्वदच्या दशकात संशोधकांनी ब्रिटनमधल्या नियंत्रण कक्षांत बसून ऑपरेटर कुणाकडे बघतात याची नोंद केली. तरुण, पुरुष आणि कृष्णवर्णीय लोकांवर कॅमेरा प्रमाणाबाहेर रोखला जात होता, आणि पुष्कळदा कुठलीच ठोस कृती कारण नव्हती. स्त्रियांकडे भलत्याच हेतूने पाहिलं गेल्याच्याही नोंदी होत्या. उपाय आहे. ऑपरेटरने कॅमेरा कुठे वळवला याची नोंद यंत्रणा आपोआप ठेवू शकते. पर्यवेक्षकाने त्यांतल्या काही नोंदी दर आठवड्याला उलगडून पाहाव्यात. कारण कृतीत असावं, दिसण्यात नव्हे. कक्षात मोबाइल फोन नेऊ देऊ नये. पाळ्या आणि विश्रांती ठरलेल्या असाव्यात, कारण थकलेले डोळे पडद्यावर असूनही बघत नाहीत.

सातवा टप्पा: ठराविक माणसाचा पाठलाग करायचा असेल तर

चौकावर सर्वसाधारण नजर ठेवणं वेगळं आणि एका ठराविक माणसाच्या हालचाली त्याच्या नकळत, आधी ठरवून टिपणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला गुप्त पाळतीचं नियमन करणाऱ्या २००० च्या रिपा कायद्याखाली परवानगी लागते. २०१२ पासून कौन्सिलला त्यासाठी मॅजिस्ट्रेटची मंजुरीही घ्यावी लागते, आणि कौन्सिल ती क्षुल्लक गुन्ह्यांसाठी मागू शकत नाही. पोलिसांनी फोन करून ‘त्या निळ्या जॅकेटवाल्यावर आजपासून लक्ष ठेवा’ असं म्हटलं, तर ऑपरेटरने आधी परवानगीचा क्रमांक विचारायचा. समोर घडत असलेल्या घटनेला तत्काळ प्रतिसाद देताना ही अट आड येत नाही.

चेहरा ओळखणाऱ्या तंत्राचा प्रश्न याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या अपील न्यायालयाने साउथ वेल्स पोलिसांनी कार्डिफमध्ये केलेला त्याचा वापर बेकायदा ठरवला. कुणाला यादीत घ्यायचं आणि कुठे वापरायचं हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलं होतं, डीपीआयए अपुरं होतं, आणि हे तंत्र काही समाजगटांबाबत जास्त चुकतं का हे पुरेसं तपासलं नव्हतं. बाजारातल्या अनेक नव्या कॅमेऱ्यांत ही सोय आधीच भरलेली येते. ‘आहेच तर चालू करू’ हा युक्तिवाद कौन्सिलच्या बैठकीत आला तर तिथेच थांबवा. तो वेगळा निर्णय आहे, त्याला वेगळं मूल्यांकन आणि वेगळी जाहीर चर्चा लागते.

आठवा टप्पा: फुटेज देणं आणि न देणं

पोलिसांना फुटेज देताना लेखी मागणी, गुन्ह्याचा क्रमांक, मूळ स्वरूपातली प्रत, कुणी काढली आणि कुणाच्या हाती दिली याची सही, आणि नंतर फेरफार झाला नाही हे तपासता येईल अशी डिजिटल खूण, एवढं असायलाच हवं. पडद्याचं मोबाइलवर केलेलं चित्रण पाठवणं हा पुरावा बिघडवण्याचा सोपा मार्ग आहे.

तुम्ही स्वतः चित्रात असाल तर तुमची प्रत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. कौन्सिलने साधारणपणे एका महिन्यात आणि विनाशुल्क उत्तर द्यायचं असतं. मात्र बऱ्याच ठिकाणी ३०-३१ दिवसांनी फुटेज पुसलं जातं हे लक्षात ठेवा आणि लगेच अर्ज करा. तारीख, अंदाजे वेळ, रस्ता, तुमचे कपडे हे लिहिलं तर शोधणं शक्य होतं. इतरांचे चेहरे अस्पष्ट करून प्रत मिळते.

प्रसिद्धीसाठी फुटेज देण्याचा मोह टाळायचा असतो. १९९५ मध्ये ब्रेंटवुड कौन्सिलच्या कॅमेऱ्यात रात्री हातात सुरी घेतलेला एक माणूस दिसला. ऑपरेटरने पोलिसांना कळवलं, पोलीस पोचले, त्याला वैद्यकीय मदत मिळाली. तो नैराश्यात होता आणि कॅमेऱ्यामुळे त्याचा जीव वाचला असं म्हणता येईल. पुढे कौन्सिलने यंत्रणेचं यश दाखवण्यासाठी ती चित्रं माध्यमांना दिली. चेहरा नीट झाकला गेला नाही आणि ओळखीच्या लोकांनी त्याला ओळखलं. जानेवारी २००३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की त्याच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाला. कॅमेरा, ऑपरेटर, पोलीस, सगळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. बिघडलं ते नंतर, कार्यालयात.

नववा टप्पा: फलक, हिशेब आणि रहिवाशांचे प्रश्न

फलकावर तीन गोष्टी हव्यात: कॅमेरे कोण चालवतं, कशासाठी, संपर्क कुठे करायचा. माणूस त्या भागात शिरण्याआधी त्याला तो वाचता आला पाहिजे.

रहिवासी म्हणून तुम्ही २००० च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली कॅमेऱ्यांची संख्या, वार्षिक खर्च, डीपीआयए, बंद पडलेल्या कॅमेऱ्यांचे दिवस आणि तक्रारींची संख्या मागू शकता. उत्तर २० कामकाजी दिवसांत यायला हवं. किती कॅमेरे आहेत यापेक्षा किती दिवस बंद होते हे विचारा. त्यातून खरी परिस्थिती कळते.

यश मोजताना कौन्सिल नेहमी एक सोपी चूक करतात. एखाद्या रस्त्यावर गुन्हे एकदम वाढले की कॅमेरा लावतात, आणि पुढच्या वर्षी आकडा खाली आला की श्रेय कॅमेऱ्याला देतात. पण असाधारण वाढ पुष्कळदा आपणहूनच ओसरते. म्हणून आधीची आणि नंतरची प्रत्येकी किमान एक-दोन वर्षं घ्या, कॅमेरा नसलेल्या तशाच दुसऱ्या रस्त्याशी तुलना करा आणि शेजारच्या गल्लीत गुन्हे सरकले का तेही पाहा. तपासातला उपयोगही वेगळा मोजा. ब्रिटिश रेल्वेवरच्या २०११ ते २०१५ या काळातल्या अडीच लाखांहून अधिक गुन्ह्यांच्या अभ्यासात ४५ टक्के प्रकरणांत फुटेज उपलब्ध होतं आणि २९ टक्के प्रकरणांत ते उपयोगी ठरलं. तुमच्या शहरात पोलिसांनी नेलेल्या प्रतींपैकी किती कामी आल्या, हे पोलिसांकडून दर तिमाहीला मागवून घ्या.

दहावा टप्पा: कॅमेरा काढण्याची तयारी

वर्षातून एकदा प्रत्येक कॅमेऱ्याची फाइल उघडा. पहिल्या टप्प्यात लिहिलेली समस्या अजून आहे का? पार्किंगची जागा बंद झाली, पब गेला, रस्त्याचं रूप बदललं, तर तो कॅमेरा तिथे ठेवण्याचं कारण संपलं. गरज दुसरीकडे असेल तर तिथे हलवा, पण तिथल्यासाठी मूल्यांकन नव्याने करा. काही कौन्सिल तात्पुरत्या गरजेसाठी हलवता येणारे कॅमेरे ठेवतात. त्यांच्यासाठी काढण्याची तारीख बसवतानाच ठरवून ठेवावी, नाहीतर ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात.

पैशांअभावी सगळी यंत्रणाच बंद करण्याची वेळ येऊ शकते. २०१६ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने खर्च परवडत नाही म्हणून आपले सार्वजनिक कॅमेरे बंद केले. तशी वेळ येण्याआधीच कोणते कॅमेरे आधी जातील याचा क्रम पोलिसांबरोबर बसून ठरवून ठेवलेला बरा. कॅमेरा काढला की त्याच दिवशी फलक उतरवा, कारण नसलेल्या कॅमेऱ्याचा फलक मदतीच्या भरवशावर असलेल्या माणसाला फसवतो. ज्या प्रकरणांसाठी पोलिसांनी फुटेज राखून ठेवायला सांगितलं आहे ते वेगळं करा, बाकीचं पुसा, नोंदवहीत तारीख आणि सही घाला आणि त्या रस्त्यावरच्या रहिवाशांना पत्राने कळवा.